सरावासाठी स्वतः घडवलेला संगणकी प्रतिस्पर्धी : एज ऑफ एम्पायर्स, स्टारक्राफ्ट आणि तत्सम खेळ

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाव वसवून सैन्य उभारायचा एज ऑफ एम्पायर्स २ हा संगणकी खेळ खेळणाऱ्यांचा इंदूरमध्ये आमचा एक लहानसा गट आहे. त्यातले काही भंवरकुआँला क्लासला जातात आणि काही नोकरी करतात, त्यामुळे सगळ्यांची सवड एका वेळी जुळणे कठीण असते. येत्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतल्या मंडळाने एकास-एक सामने ठेवायचे ठरवले आहे आणि तोपर्यंत हात बसायला हवा. डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीतला सर्वांत कठीण, एक्स्ट्रीम पातळीचा एआय (संगणकी खेळाडू) मी आता बहुतेक वेळा हरवतो. पण माणसाविरुद्ध खेळताना अकराव्या मिनिटाच्या सुमारास समोरून स्काउट घोडेस्वार आले, की लाकूड तोडणारे माझे व्हिलेजर (कामकरी) सैरावैरा पळू लागतात आणि तिथून डाव सावरत नाही.

एआयला हरवून आलेले कसब माणसासमोर उपयोगी का पडत नाही, आणि सरावासाठी स्वतःचा प्रतिस्पर्धी बनवायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगावे. प्रोग्रॅमिंग मला शाळेत शिकवले तेवढेच येते.

खजरानावाले

खेळातच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे आहेत, ते आधी करून पाहावेत. सुरुवातीची अर्थव्यवस्था आणि वेगाने कॅसल (तिसरे) युग गाठणे यांसाठी ते चांगले आहेत. मात्र ते ठरीव असल्यामुळे चार-सहा वेळा खेळून झाले की पाठ होतात. त्यानंतर रामबागकर म्हणतात त्या वाटेने जावेच लागेल.

लोकमान्यनगरी

थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयात लोक पहिल्याच पायरीवर चुकीचे उद्दिष्ट धरतात. त्यांना ‘बलवान’ प्रतिस्पर्धी हवा असतो, आणि सरावाला बलवान प्रतिस्पर्धी सहसा लागतच नाही. खेळाबरोबर मिळणारा एआय सर्व प्रकारच्या खेळाडूंना तासभर गुंतवून ठेवण्यासाठी लिहिलेला असतो. तो थोडे घोडदळ, थोडे धनुर्धारी आणि थोडी तटबंदी असे सगळे करतो. म्हणून त्याचा हल्ला नेमका आपल्या वर्मी, नेमक्या वेळी येईलच असे नाही. आखाड्यात डाव घोटवून घेताना जोडीदार जशी एकच पकड पुन्हा पुन्हा देतो, तसा एकच त्रास ठरल्या वेळी, दर डावात, न चुकता देणारा प्रतिस्पर्धी आपल्याला हवा आहे. तो पुढे पंधराव्या मिनिटाला कोलमडला तरी चालेल, कारण तोपर्यंत त्याचे काम झालेले असते.

रामबागकरांचा त्रास स्काउटांचा आहे, म्हणून आधी तो हल्ला वेळेच्या हिशेबात बसवू. २१ लोकसंख्येवर फ्यूडल (दुसऱ्या) युगाचे बटण दाबायचे म्हणजे एक स्काउट वजा जाता २० व्हिलेजर हवेत. त्यांतले ३ सुरुवातीलाच मिळतात, तेव्हा १७ बनवायचे. एकाला २५ सेकंद लागतात, म्हणजे ४२५ सेकंद झाले. लूम या संशोधनाचे २५ सेकंद मिळवले की ४५०, म्हणजे साडेसात मिनिटे. फ्यूडलला १३० सेकंद लागतात. टाउन सेंटर (व्हिलेजर बनवणारी मुख्य इमारत) क्षणभरही रिकामे राहिले नाही, तर ९ मिनिटे ४० सेकंदांनी युग बदलते. तबेला उभा राहून पहिला स्काउट बाहेर पडायला साधारण मिनिटभर जाते आणि वर नकाशा ओलांडण्याचा वेळ आहेच. आपण सांगितलेले अकरावे मिनिट ते हेच. मंगोल निवडणाऱ्याचे शिकारी ४० टक्के अधिक वेगाने काम करतात, त्यामुळे तो याहून लवकर येऊ शकतो. पण सरावाची सुरुवात सर्वसाधारण वेळेपासून करावी.

आता स्क्रिप्टविषयी. या खेळाचा संगणकी खेळाडू म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल असते आणि ती नोटपॅडमध्येही लिहिता येते. तिच्यातला प्रत्येक नियम ‘डिफरूल’ या शब्दाने सुरू होतो आणि त्याचे दोन भाग असतात. बाणाच्या आधी अटी येतात आणि बाणानंतर कृती. खेळ चालू असताना संगणक सगळे नियम वरून खाली पुन्हा पुन्हा वाचत जातो आणि ज्याच्या सर्व अटी त्या क्षणी खऱ्या असतील, त्याची कृती करतो. ‘व्हिलेजर बनवणे शक्य आहे आणि त्यांची संख्या ठरलेल्या आकड्याहून कमी आहे’ ही अट झाली. ‘व्हिलेजर बनव’ ही कृती झाली. एखादा नियम पूर्ण डावात एकदाच चालायला हवा असेल, तर कृतींच्या शेवटी ‘डिसेबल-सेल्फ’ लिहितात.

माणसे कुठे लावायची हे टक्केवारीने सांगतात. अन्न, लाकूड, सोने आणि दगड यांच्यासाठी ‘स्ट्रॅटेजिक नंबर’ नावाचे चार वेगवेगळे आकडे असतात आणि त्यांची बेरीज शंभर ठेवायची असते. स्काउटांच्या हल्ल्याला सोने लागत नाही, कारण एका स्काउटला ८० अन्न पुरते. म्हणून सुरुवातीला अन्न आणि लाकूड एवढेच दोन आकडे भरावेत. हल्ल्याच्या नियमात स्काउटांची संख्या ४ झाली की ‘अटॅक-नाऊ’ ही कृती द्यावी. ४ म्हणण्याचे कारण असे की सुरुवातीचा फिरता स्काउटही त्याच मोजणीत येतो. पुढे एक टायमर लावून दर मिनिटाला हीच कृती पुन्हा करवावी, म्हणजे एक लाट परतवली की आपण निवांत झालो असे होणार नाही.

फाइल खेळाच्या फोल्डरातल्या ‘रिसोर्सेस’, त्याच्या आतल्या ‘कॉमन’ आणि त्याच्या आतल्या ‘एआय’ या फोल्डरात ठेवायची. तिचे विस्तारनाव ‘पर’ असते. लॉबीत संगणकी खेळाडूच्या नावाशेजारी स्क्रिप्ट निवडण्याची सोय आहे. तिथून ती निवडली की झाले.

रामबागकर (धागाकर्ता)

लोकमान्यनगरी, आपले मनःपूर्वक आभार. फाइल सांगितलेल्या जागी ठेवली, पण लॉबीतल्या यादीत तिचे नाव दिसत नाही.

लोकमान्यनगरी

त्याच नावाची, पण ‘एआय’ हे विस्तारनाव असलेली दुसरी फाइल त्याच फोल्डरात ठेवावी. ती पूर्ण कोरी असली तरी चालते. यादी तिच्यावरून तयार होते आणि नियम मात्र ‘पर’ फाइलमधून वाचले जातात. विंडोजने विस्तारनावे लपवलेली असली, तर कोऱ्या फाइलच्या मागे ‘टीएक्सटी’ चिकटून राहते, तेही तपासावे. कंस उघडून बंद करायचा राहिला असल्यास डाव सुरू होताना चूक ओळीच्या क्रमांकासकट पडद्यावर येते.

छत्रीबाग

मला या पद्धतीविषयी मूलभूत शंका आहे. हल्ला अकराव्या मिनिटाला येणार, तो स्काउटांचाच असणार आणि त्यांची संख्या चार असणार, हे सारे आधीच ठाऊक असेल, तर मी दहाव्या मिनिटाला भालाईत बनवून ठेवीन, लाकडापाशी कुंपण घालीन आणि बॉटला (स्क्रिप्टवर चालणाऱ्या खेळाडूला) रोज हरवीन. त्यातून मी फक्त त्या बॉटला हरवायला शिकलो. प्रत्यक्ष सामन्यात मुख्य काम ओळखण्याचे असते. समोरच्याने तबेला बांधला की धनुर्धाऱ्यांचे केंद्र, हे माझ्या स्काउटने जाऊन पाहिले पाहिजे आणि त्यावरून मी निर्णय घेतला पाहिजे. ज्या सरावात निर्णयच नाही तो केवळ बोटांचा व्यायाम होय, आणि त्याने खेळाडू उलट गाफील होतो असे माझे निरीक्षण आहे.

शिवाय बॉटचे घोडेस्वार मरेपर्यंत लढतात. माणूस जखमी घोडा मागे घेतो, तुमच्या भालाइतांना एका टोकाला ओढतो आणि दुसऱ्या टोकाला दोन व्हिलेजर मारून जातो. तो त्रास यात कुठे आहे?

लोकमान्यनगरी

छत्रीबाग यांचा पहिला आक्षेप रास्त आहे आणि त्यावर उपाय स्क्रिप्टमध्येच आहे. डावाच्या आरंभी १ ते १०० मधला एक यादृच्छिक आकडा काढण्याची कृती असते. तो आकडा ४० पर्यंत आला तर स्काउट, ४१ ते ७५ असला तर धनुर्धारी आणि त्यापुढे असला तर हल्ला न करता थेट कॅसल युग, असे तीन फाटे ठेवता येतात. कोणता फाटा निघाला ते ‘गोल’ नावाच्या चलात साठवायचे आणि पुढच्या प्रत्येक नियमात ती अट घालायची. एवढे केले की आपला स्काउट पाठवून पाहिल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. तिसरा फाटा विशेष महत्त्वाचा आहे. हल्ला येणारच नसताना भालाइतांवर प्रत्येकी ३५ अन्न आणि २५ लाकूड घालत बसणे हीसुद्धा हारच असते, आणि तिची जाणीव एकसुरी बॉट कधीच करून देत नाही.

मात्र हे फाटे पहिल्या दिवसापासून ठेवू नयेत असे माझे ठाम मत आहे. ज्याचे टाउन सेंटर हल्ला आल्याबरोबर रिकामे पडते, त्याला आधी एकाच हल्ल्यात हात आणि डोळे स्थिर ठेवायला शिकू द्यावे. ओळखण्याचा अभ्यास त्यानंतरचा.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मी आपल्याशी सहमत आहे. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये एकेका सैनिकाला वेगळा हुकूम देणाऱ्या आज्ञा स्क्रिप्टला उपलब्ध आहेत आणि जखमी घोडा मागे घेणारा बॉट त्यांच्या आधारे लिहिता येतो. पण ते काम किचकट आहे, आणि इतके कष्ट घेऊनही माणसाची लबाडी त्यात उतरत नाही. तो भाग माणसाबरोबरच शिकावा.

पलासियाकर

या वादात डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने केलेल्या अल्फास्टारचे उदाहरण उपयोगी पडेल. जानेवारी २०१९ मध्ये दाखवलेल्या सामन्यांत या प्रणालीने स्टारक्राफ्ट २ च्या टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे हरवले. त्यानंतर प्रत्यक्ष प्रक्षेपणात झालेला एक सामना मानाने जिंकला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधानुसार ती खेळातल्या तिन्ही वंशांनी ग्रँडमास्टर या सर्वोच्च पातळीला पोहोचली होती. बातम्यांत एवढेच आले. आपल्या विषयाशी संबंधित असलेला भाग तिच्या प्रशिक्षणात आहे.

तिला घडवताना एक लीग चालवली होती आणि त्या लीगमध्ये सगळे प्रतिस्पर्धी सर्वगुणसंपन्न नव्हते. काहींना मुद्दाम ‘एक्सप्लॉइटर’ म्हणून तयार केले होते. मुख्य खेळाडूच्या खेळातली फट शोधून तिथे घाव घालणे हेच त्यांचे काम. सर्वांना हरवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून नव्हतीच. फट उघडी पडली की मुख्य खेळाडू ती बुजवायला शिके. म्हणजे लोकमान्यनगरी म्हणतात तो एकाच त्रासाचा प्रतिस्पर्धी हा काही गरिबाचा पर्याय नव्हे. भरपूर साधनसामग्री हाताशी असणाऱ्यांनीही तोच मार्ग धरला.

त्याच प्रकल्पातून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. नंतरच्या आवृत्तीला ५ सेकंदांत जास्तीत जास्त २२ वेगळ्या क्रिया अशी मर्यादा घातली होती, कारण हातांच्या अमानवी वेगाने मिळालेला विजय डावपेचाचा मानता येत नाही. आपण बॉट लिहिताना हीच काळजी घ्यावी. दर क्षणी प्रत्येक सैनिक वेगळा हलवणाऱ्या बॉटविरुद्ध हरून आपण काय शिकणार?

राजवाडा चौक

मग ‘चीटर’ पातळीच्या एआयचा सरावाला काही उपयोग आहे की नाही? स्टारक्राफ्ट २ मध्ये अशा तीन पातळ्या आहेत. आमच्या ओळखीचे काही जण सर्वांत वरच्या पातळीला हरवले की स्वतःला तयार समजतात.

पलासियाकर

त्यांतली पहिली पातळी नकाशा उघडा पाहते, तर वरच्या दोन पातळ्यांना संसाधनेही अधिक वेगाने मिळतात. दोन्हींत मोठा फरक आहे. नकाशा दिसणारा एआय आपली चाल आधी ओळखतो, पण त्याचा पैसा खरा असतो. फुकटची संसाधने मिळणाऱ्या एआयविरुद्ध मात्र आपला अंदाजच बिघडतो. समोर इतके सैन्य आहे, म्हणजे त्याने कामगार कमी केले असणार, तेव्हा आता आपण विस्तार करावा, असा माणसाविरुद्ध खेळाडू तर्क करतो. या एआयसमोर तो तर्क चुकतो आणि हळूहळू आपण तो करणेच सोडून देतो. जुन्या एज ऑफ एम्पायर्स २ मधला सर्वांत कठीण पातळीचा संगणक असाच आयती संसाधने घेत असे. डेफिनिटिव्ह एडिशनचा एआय ती घेत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

अपवाद एकच. मोठ्या सैन्यांच्या उत्तरार्धातल्या लढाईचा सराव करायचा असेल, तर त्यासाठी दर वेळी पाऊण तास गावे वसवत बसण्यात अर्थ नाही. तिथे बॉटला खुशाल संसाधने द्यावीत.

खजरानावाले

स्टारक्राफ्ट २ साठी बॉट लिहायचा झाल्यास काय लागते?

पलासियाकर

खेळ नोव्हेंबर २०१७ पासून मोफत खेळता येतो, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खेळाची निर्माती कंपनी ब्लिझार्ड व डीपमाइंड यांनी बॉटसाठी अधिकृत मार्ग खुला केला. पायथन येत असेल तर ‘पायथन-एससी२’ ही लायब्ररी घ्यावी. तिच्यात खेळाच्या दर काही पावलांनंतर आपले एक फंक्शन बोलावले जाते आणि त्यात काय बांधायचे, कोणाला कुठे पाठवायचे ते लिहायचे. ‘फास्टर’ गतीला सेकंदाला २२.४ पावले पडतात. स्वतः खेळायचे असेल तर एका बाजूला बॉट आणि दुसऱ्या बाजूला ‘ह्यूमन’ असे नेमावे आणि ‘रिअलटाइम’ चालू ठेवावे; ते बंद असल्यास बॉटचे गणित पुरे होईपर्यंत खेळ थांबून राहतो.

पण त्याआधी हे पाहावे की खेळाच्या स्वतःच्या एआयलाही सुरुवातीची चाल नेमून देता येते. सरसकट आक्रमण, ठरावीक वेळेचा हल्ला, अर्थव्यवस्थेवर भर, थेट हवाई दल असे पर्याय तिथे असतात. पुष्कळांचे काम तेवढ्यातच भागते. झर्ग या वंशाच्या अगदी सुरुवातीच्या झुंडीसारखा विशिष्ट त्रास हवा असेल तेव्हाच पायथनला हात घालावा.

पहिल्या स्टारक्राफ्टच्या ब्रूड वॉर या जुन्या विस्तारासाठी २००९ पासून बॉट लिहिण्याचे ‘बीडब्ल्यूएपीआय’ हे साधन आहे आणि विद्यापीठांच्या बॉट-स्पर्धा त्याच्यावरच उभ्या राहिल्या. मात्र त्यासाठी खेळाची १.१६.१ ही जुनी आवृत्ती लागते. वॉरक्राफ्ट ३ खेळणाऱ्यांनी ‘एएमएआय’ हा तयार एआय पाहावा. ज्यांना पैसे खर्च करायचे नाहीत त्यांना ‘० ए.डी.’ हा खुला आणि मोफत खेळ आहे. त्यातला ‘पेट्रा’ हा एआय जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, त्याचा स्वभाव आक्रमक ठेवायचा की बचावात्मक हे डावापूर्वी निवडता येते, आणि मौर्य घेऊन खेळल्यास चाणक्यही सैन्यात मिळतो.

रामबागकर (धागाकर्ता)

कोऱ्या फाइलचा उपाय लागू पडला. बॉट खेळतो आहे, परंतु त्याचे स्काउट तेराव्या मिनिटाच्याही पुढे येतात. नकाशा पूर्ण उघडा ठेवून पाहिले, तेव्हा त्याचे टाउन सेंटर मधूनमधून रिकामे राहत असल्याचे दिसले. त्या वेळी अन्न शिल्लक असते, तरी व्हिलेजर बनत नाही.

लोकमान्यनगरी

अन्न असूनही उत्पादन थांबते, याचा अर्थ बहुधा घरे कमी पडत आहेत. आपल्या नियमात घराची अट ‘जागा १ पेक्षा कमी उरली तर’ अशी असावी. घर बांधून होईपर्यंत पुढच्या व्हिलेजरची वेळ टळून जाते. एका घरात ५ जणांची सोय होते, तेव्हा ‘जागा ३ पेक्षा कमी उरली तर’ असे करावे आणि तबेला झाल्यावर तोच आकडा ५ करावा. लाकडाची टक्केवारीही तपासावी, कारण घराला २५ लाकूड लागते आणि सगळे जण मेंढ्यांपाशीच असतील तर तेही जमत नाही. रानडुकरांच्या शिकारीसाठी वेगळे आकडे भरावे लागतात. ती भानगड नको असेल तर कोणी खुली ठेवलेली चांगली स्क्रिप्ट लेखकाच्या अनुमतीने घ्यावी, तिची अर्थव्यवस्था तशीच राहू द्यावी आणि फक्त सैन्याचे व हल्ल्याचे नियम बदलावेत.

वेळ मोजण्यासाठी आणखी एक नियम घालावा. युग फ्यूडल झाले की बॉटने गप्पांच्या चौकटीत तसा एक संदेश एकदाच टाकावा. त्या क्षणी घड्याळ पाहिले की तो ९ मिनिटे ४० सेकंदांच्या किती मागे आहे ते कळते. बॉट नीट बसला की हा संदेश काढून टाकावा, नाहीतर तोच आपल्याला सावध करीत राहील.

छत्रीबाग

तीन फाट्यांची कल्पना मला पटली, परंतु यादृच्छिक आकड्याऐवजी दुसरे काही करता येईल का? आम्ही दोघे भाऊ एकाच संगणकावर आळीपाळीने सराव करतो. एकाने दुसऱ्यासाठी गुपचूप फाटा निवडावा असे हवे आहे.

लोकमान्यनगरी

सहज करता येईल. या खेळात गप्पांच्या चौकटीत आकडा टाइप केला की ‘टाँट’ (ठरलेला ध्वनी-संदेश) वाजतो, आणि कोणता आकडा आला हे स्क्रिप्टला ओळखता येते. ज्याला सराव करायचा नाही त्याने डाव सुरू होताच आकडा टाकावा. ३१ म्हणजे स्काउट, ३२ म्हणजे धनुर्धारी, असे आपापसांत ठरवावे. संदेश सर्वांना जाईल असा पाठवावा, म्हणजे तो बॉटपर्यंत पोहोचतो. बॉटने तो आकडा एकदा वाचला की ‘ॲक्नॉलेज-टाँट’ ही कृती द्यायला विसरू नये, अन्यथा तीच खूण पुढच्या प्रत्येक फेरीत खरी ठरून नियम पुन्हा पुन्हा चालत राहतो. आकडा टाइप होत असताना खेळणाऱ्या भावाने पडद्याकडे पाठ करावी आणि आवाज बंद ठेवावा, कारण टाँट ऐकूही येतो.

रामबागकर (धागाकर्ता)

घरांचा आकडा बदलल्यावर बॉटचे स्काउट बारावे मिनिट लागता लागता माझ्या लाकडापाशी येऊ लागले आहेत. अजून व्हिलेजर मरतात, पण टाउन सेंटर रिकामे राहत नाही. मंडळातल्या इतरांनीही ही फाइल मागितली आहे. स्पर्धेआधी सर्वांना सारखाच सराव मिळावा म्हणून दोन्ही फाइली गटात टाकतो आहे. छत्रीबाग यांनी टाँटचा नियम लिहून झाल्यावर तोही इथे द्यावा, म्हणजे याच फाइलीत जोडता येईल.